कायले पाहिजे?

माझा धंदा नेमका कोणता, हे आमच्या तांड्यावर अजून कुणालाही पटवून देता आलेलं नाही. महागावच्या पलीकडे आमचा तांडा. सणावाराला मी घरी गेले की लोक बिघडलेले मिक्सर घेऊन येतात. एकदा शेजारच्या गावातल्या एका काकांनी विहिरीतली मोटारच ओट्यावर आणून टाकली. "काँप्युटरचं शिकली ना तू? मंग हे तं सोपं हाये." माझी याडी, म्हणजे आई, सगळ्यांना छातीठोकपणे सांगते की आमची पोरगी कारखान्यांना शिस्त लावते. ते ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून घरात निघून जाते.

खरं काम असं आहे. एखाद्या कंपनीची खरेदी, गोदाम, मशीनची दुरुस्ती, माणसांची हजेरी, माल पाठवणं, हे सगळं वेगवेगळ्या वह्यांतून आणि डोक्यांतून उपसून एकाच सॉफ्टवेअरच्या पोटात घालायचं. त्याला ईआरपी म्हणतात. पुण्यात मी बारा वर्षं हेच केलं, मग एक दिवस सिग्नलला गाडीत बसल्याबसल्या रडू आलं आणि यवतमाळला परत आले. बसस्टँडच्या मागे एक खोली घेतली आणि दारावर 'सोल्यूशन्स' अशी पाटी लावली. आमच्या धंद्यात प्रश्न समजो न समजो, पाटीवर सोल्यूशन्स लागतंच.

पहिलं मोठं काम मिळालं ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. सरकीपासून तेल आणि ढेप काढणारा कारखाना. त्याच मालकाच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या दोन जिनिंगही होत्या, एक महागावला, एक ढाणकीला. दुखणं साधं होतं. लोहाऱ्यात एखादा पट्टा तुटला की कारखाना दोन-दोन दिवस बंद राहायचा, आणि पुढच्या महिन्यात कळायचं की तस्साच नवाकोरा पट्टा ढाणकीच्या स्टोअरमध्ये पोत्याखाली लोळत होता. शेठना तिन्ही ठिकाणचे सुटे भाग एका पडद्यावर दिसायला हवे होते. मी म्हटलं, दिसतील.

त्याआधी शेठना प्रस्ताव हवा होता, तोही इंग्रजीत आणि जाडजूड. मी पुण्याच्या एका औषध कंपनीच्या जुन्या कामाचा प्रस्ताव उघडला, नावगाव बदललं आणि पाठवून दिला. हे आमच्यात सगळेच करतात, त्याला 'टेम्प्लेट वापरणं' असं सभ्य नाव आहे. 'अपेक्षित फायदे' या मथळ्याखाली सात मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं राहून गेली होती, ती ऐन वेळी दिसली आणि मी तिथे ढेपेची पोती घातली. या चपळाईचं मला कौतुकही वाटलं. सहावा मुद्दा मी वाचलासुद्धा नाही. तो असा होता: स्टोअर विभागातलं एक पद कमी केलं जाईल. पुण्याच्या त्या कंपनीत स्टोअर विभाग म्हणजे एक मजलाभर माणसं होती.

काम मंजूर झालं. पहिल्या दिवशी मी लोहाऱ्याच्या स्टोअरच्या जाळीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि विचारलं, "स्टोअर विभागात एकूण किती माणसं आहेत?"

"हे काय," आतून आवाज आला, "विभाग तुमच्यासमोरच बसला हाये."

विभागाने पन्नाशी ओलांडली होती. सुती साडी, नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरलेला चष्मा, कमरेला चाव्यांचा जुडगा. मागे भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, त्याला ताजा हार, आणि त्याच्या खाली छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीशी "जयभीम ताई" म्हणून मगच आपलं तोंड उघडायचा, मग तो कोणत्याही जातीचा असो, कारण ताईची मर्जी राखली नाही तर नट-बोल्टसुद्धा मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्या दिवशी खोलीवर येऊन प्रस्ताव उघडला आणि सहावा मुद्दा पहिल्यांदा वाचला. एकातून एक वजा केला की काय उरतं, हे कळायला इंजिनिअर लागत नाही.  मग मी आमच्या धंद्याला शोभेल असं केलं, लॅपटॉप मिटला आणि चहा प्यायला गेले.

ताई तिथे सव्वीस वर्षं होती. निवृत्तीला चार वर्षं बाकी होती आणि त्या चार वर्षांबद्दल ती भलतीच जागरूक होती. "घरी आमचे मालक रिटायर होऊन बसले हायेत," ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "दिवसभर टीव्ही लावते अन् टीव्हीतल्या लोकायले रागावते. आम्ही दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खोलीत राह्यलो ना मॅडम, तं पेपरात येऊ." हे सांगून ती स्वतःच खळखळून हसली. मग चाव्या वाजवत म्हणाली की तिच्या वस्तीतून या कारखान्यात हमालीला पुष्कळ जण आले, पण चाव्या घेऊन आत येणारी ती पहिली आणि अजून तरी शेवटची. मी मान डोलावली आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले.

आता सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ताई, मी एक मूर्खपणा केलाय, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी स्वतःची समजूत घातली. आधी काम होऊ दे, शेठ खूश झाले की हळूच तो मुद्दा काढून टाकू. आणि काम फसलंच, तर मग प्रश्नच मिटला. असे दोन्ही बाजूंनी दरवाजे उघडे ठेवून मी निवांत झाले. याला नेभळटपणा म्हणतात हे मला तेव्हाही माहीत होतं.

काम सुरू झालं ते सुट्या भागांच्या यादीपासून. सॉफ्टवेअरला प्रत्येक वस्तूचं एकच नाव आणि एकच नंबर लागतो. या कारखान्यात प्रत्येक वस्तूला तीन नावं होती, आणि तिन्ही नावं ठेवणारे लोक आपलंच बरोबर म्हणून भांडायला तयार होते. लोहाऱ्यातल्या मोठ्या पंख्याच्या पट्ट्याला म्हैस म्हणत. महागावच्या जिनिंगमध्ये तोच पट्टा 'लांबट्या' होता. ढाणकीत त्याला 'पुसदवाला' म्हणत, कारण कधीकाळी एक पट्टा पुसदहून आणला होता. आता लोहाऱ्यातून ढाणकीला फोन करून कोणी विचारलं, "म्हैस हाये का?" तर तिकडून उत्तर यायचं, "होती, इकली." असा इतिहास होता त्या दोन-दोन दिवसांच्या बंदचा.

कपाटात एक गिअरबॉक्स होता. परदेशातून आलेला, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. त्याला कोणी हात लावत नसे, त्याच्यावर कोणी काही ठेवत नसे आणि त्याचा काडीचा उपयोग होत नसे. त्याचं नाव जावई. मी यादीत त्याचं शुद्ध इंग्रजी नाव घातलं, तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात बातमी पसरली की मॅडमनी जावई हरवला.

तीन महिने मी ताईच्या शेजारी स्टुलावर बसून होते. ती एकेक वस्तू हातात घ्यायची, तिचं इथलं नाव, महागावचं नाव, ढाणकीचं नाव, ती कोणत्या मशीनला लागते, कोणत्या मशीनला लागते असं वाटतं पण लागत नाही, हे सगळं सांगायची. मी टाइप करायचे. पहिल्या आठवड्यात मी मॅडम होते. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अवो मॅडम म्हणता म्हणता जीभ दुखते, पोरगी म्हणू का?" तिथून पुढे रोज दोन कप चहा येऊ लागला. तिच्या डोक्यात जे होतं त्याची किंमत मला जसजशी कळत गेली, तसतसं सहाव्या मुद्द्याबद्दल बोलणं मी आणखी पुढे ढकलत गेले.

यादी झाली आणि आता पडदा बनवायचा होता. म्हणजे असं, की फिटरला एखादा भाग हवा असेल तर त्याने स्टोअरबाहेर ठेवलेल्या काँप्युटरवर चार प्रश्नांची उत्तरं भरायची आणि मग खिडकीतून भाग घ्यायचा. मी आधी तो पडदा इंग्रजीत बनवला. आठ दिवस कोणी त्याच्याजवळ फिरकलंसुद्धा नाही. फक्त एकाने त्याच्यावर टोपी वाळत घातली.

मग मी तो शुद्ध मराठीत केला. तिसरा रकाना होता 'मागणीचे प्रयोजन'. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, ते चष्मा वर करून बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "प्रयोजन म्हंजे जेवणाचा डब्बा का?" मी म्हटलं, नाही हो, कारण. "मंग भोजनावाणी कायले लिहिलं?" मला राग आला, पण त्यांचं खरं होतं.

आणि मग मला झटका आला. पुण्यात प्रत्येक सभेत आम्हाला शिकवलं होतं की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या भाषेत बोललं पाहिजे. तिथे कोणी ते केलं नाही, पण मी करणार होते. मी घरी आम्हा बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलते, रस्त्यावर वऱ्हाडीत, पुण्यात पुणेरीत आणि कागदावर इंग्रजीत. चार भाषांची घरजावई असलेल्या बाईला हे जमायला काय हरकत होती? मी दोन दिवस खपून सगळा पडदा अस्सल वऱ्हाडीत केला. पहिला रकाना: 'तुमचं नाव सांगा.' दुसरा: 'काय पाहिजे?' तिसरा: 'कायले पाहिजे?', म्हणजे कशाला. चौथा: 'कधी पाहिजे?' मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्याचा फोटो काढून पुण्यातल्या जुन्या मित्रमैत्रिणींना पाठवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापैकी एकालाही 'कायले' म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

या वेळी मात्र पडदा धडाक्यात वापरात आला. रोज वीस-पंचवीस नोंदी पडू लागल्या. मी त्या उघडून बघितल्या नाहीत, नुसता आकडा बघून समाधान मानलं. महिनाअखेरीस सॉफ्टवेअरने आपणहून एक अहवाल तयार केला आणि आपणहून शेठना पाठवला. मीच तशी सोय करून ठेवली होती. अहवालाचं नाव 'मागणीची कारणे: मासिक विश्लेषण'. त्यात एक रंगीत गोल होता, त्याच्या फाका केलेल्या. प्रत्येक फाकेवर कारण लिहिलेलं.

सगळ्यात मोठी, निळी फाक: 'तुले काय करा लागते'.

तिच्या खालोखाल हिरवी: 'खायले'.

मग पिवळी: 'लग्नात आहेर देयाले'. मग 'घरी नाही नेऊन राह्यलो, बेफिकीर राय'. एक बारीकशी लाल फाक होती, तिच्यावर नुसतं 'तुह्या बापाले ईचार' असं होतं. ती लाल फाक सगळी मिस्त्रींची होती. त्यांनी महिनाभरात अकरा वेळा बेअरिंग मागितलं होतं आणि अकराही वेळा त्याच शब्दांत कारण दिलं होतं. माणूस शिस्तीचा होता.

शेठनी मला बोलावून तो गोल टेबलावर ठेवला. "मॅडम, हे विश्लेषण मी बँकेच्या साहेबायले दाखवणार होतो," ते म्हणाले. त्यांच्या ओठांचा एक कोपरा थरथरत होता, तो रागाने की हसू दाबल्याने हे मला कळेना. मी तशीच खाली धावले आणि मिस्त्रींना गाठलं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"तुमच्या डब्ब्यानं काय लिहिलं ते पाहा आंधी," मिस्त्री म्हणाले. ते खरोखर दुखावले गेले होते. "चाळीस वर्षं झाले, मले कोणी कायले म्हटलं नाही. शेठच्या बापानं नाही म्हटलं. अन् हा काल आलेला डब्बा मले ईचारते, कायले पाह्यजे? काय, घरी नेऊन लोणचं घालू?"

मी तोंड उघडं टाकून ताईकडे बघितलं. ताई खिडकीत हनुवटी टेकून मजा बघत होती.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत होतं म्हंजे? मीच त्यायले वाचून दाखवत होती एकमेकायचं. महिनाभर इतकं हसणं कधी झालं नाही स्टोअरात." मग तिने चष्मा पुसला आणि नीट समजावलं. "पाय पोरी. कायले हा शब्द तोंडानं म्हटला ना, तं त्याच्या मांगं माणूस असते. हसत म्हणते, लाडानं म्हणते. पाटीवर लिहिला का माणूस गेला, नुसतं 'कायले' उरलं. आपण जसं बोलतो तसंच कोणी लिहून समोर धरलं, तं वाटते आपली नक्कल करून राह्यला. तू तं इथचीच, तुले समजाले पाह्यजे होतं."

मला समजायला पाहिजे होतं. शाळेत माझी गोर बोली ऐकून पोरं माझ्याच शब्दांनी मला चिडवायची, तेव्हा ते शब्द मला घरातल्यासारखे कुठे वाटले होते? ते मी विसरले होते, आणि विसरून त्याला 'वापरणाऱ्याची भाषा' असं नाव दिलं होतं. त्या दिवशी मला स्वतःची फार चीड आली.

"मग काय लिहू?" मी विचारलं. "कारण तर विचारावंच लागेल. शेठना हवंय."

"मी सव्वीस वर्षांत कोणाले कारण ईचारलं नाही," ताई म्हणाली. "मी ईचारतो, कोणत्या मशीनले? त्यातच सगळं येते. कारण ईचारलं का माणूस चोर होते. मशीन ईचारलं का कारागीर होते."

मी ते उभ्याउभ्या बदललं. तिसरा रकाना झाला, 'कोणत्या मशीनसाठी?' त्याखाली मशीनची यादी दिली, त्यांना कारखान्यात जी नावं होती त्याच नावांनी. भागांच्या यादीतही एकेका नंबराखाली तिन्ही गावांची नावं घातली; म्हैस म्हैसच राहिली आणि जावईही परत आला. मिस्त्रींनी त्या दिवशी बेअरिंग मागितलं तेव्हा पडद्यासमोर दोन मिनिटं उभे राहून रकाना पुन्हा पुन्हा वाचला, बोटाने एक मशीन निवडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता माणसावाणी बोलते." बारा वर्षांत माझ्या कामाला मिळालेला हा सगळ्यात मोठा पुरस्कार होता आणि तो ताईने मिळवून दिला होता.

सॉफ्टवेअर तिन्ही ठिकाणी रीतसर सुरू केलं त्या दिवशी शेठनी सर्व्हरची पूजा ठेवली. आता सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवलेलं एक काळं खोकं. त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, पुढे नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी वीजजोडणीच्या पट्टीवर उडू नये म्हणून मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. गुरुजींनी संकल्पासाठी खोक्याचं गोत्र विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही, तेव्हा शेठनी स्वतःचं देऊन टाकलं. ताई दारात उभी राहून पेढा खात होती. मला म्हणाली, "आजपासून हे मालकाच्या भावकीतलं झालं. आता याले कोणी काढू नाही शकत." मी हसले आणि नारळाच्या करवंट्या गोळा करायला वाकले.

पंधरा दिवसांनी लोहाऱ्यातली म्हैस तुटली. मिस्त्रींनी पडद्यावर मागणी टाकली. ढाणकीत एक पट्टा आहे, हे तिथल्या तिथे दिसलं. तिकडच्या माणसाने तो पोत्याखालून काढून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला आणि दुपारी कारखाना सुरू झाला. दोन दिवसांचा बंद अर्ध्या दिवसावर आला होता. मिस्त्रींनी खोक्याला हात जोडले. मी आनंदाने ताईला मिठीच मारायची बाकी ठेवली, आणि तेवढ्यात शेठचा निरोप आला की वर या.

शेठच्या टेबलावर माझा प्रस्ताव उघडा होता.

"मॅडम, एक नंबर काम," ते म्हणाले. "पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळं झालं. आता सहावा नंबर घेऊन टाकू या. या महिन्याच्या शेवटी ताईले मोकळं करतो. शाल-नारळ देऊ, सत्कार करू."

मी म्हणाले की तो मुद्दा चुकून राहिला आहे. मी म्हणाले की यादीतलं एकेक नाव ताईच्या डोक्यातून आलंय. तिसरा रकाना तिने सुचवला, ती होती म्हणून हे चाललं. उद्या नवीन मशीन आलं तर त्याला काय म्हणायचं हे कोण ठरवणार? मी पुष्कळ बोलले. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती.

"म्हंजे सगळं ताईच्याच भरवशावर चालणार असन," ते म्हणाले, "तं मंग हे सॉफ्टवेअर मले कायले पाहिजे?"

त्या शब्दाचा इतका रास्त वापर सगळ्या कारखान्यात दुसऱ्या कोणी केला नव्हता. 

"अन् अजून एक सांगू का मॅडम," ते प्रस्तावाच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "ताईले काढावं असं माह्या मनातच नव्हतं कधी. सव्वीस वर्षांत एक दिवस हा ईचार नाही आला. तुम्ही लिहिलं तवा मले समजलं, का असंबी होऊ शकते."

मी म्हटलं, मी आत्ता नवीन प्रत पाठवते, सहावा मुद्दा काढून. ते हसले. एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट कागदावरून खोडून निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ताईला मीच सांगते, एवढं मात्र मी मागून घेतलं. शेठना बरंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते. ताई आत डबा उघडून बसली होती, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. मी स्टूल ओढून बसले. सुरुवात कशी करायची हे मी जिना उतरताना तीन वेळा म्हणून पाहिलं होतं.

"ताई, एक बोलायचं होतं."

"सहा नंबर ना?" ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

 तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"पहिल्याच हप्त्यात वाचलं मी. तू फाइल या टेबलावरच ठेवून जेवाले गेलती. इंग्रजी घेऊन बीए केलं हाये मी, तू कधी ईचारलं नाही म्हून सांगतलं नाही."

"मग तीन महिने मला हे सगळं का सांगत बसलात?" मी विचारलं. "खोटी नावं सांगितली असती तरी मला कळलं नसतं. सगळं कोसळलं असतं. तुम्ही राहिला असतात."

"तुले कुठं सांगत होती? उद्या मिस्त्रीचा पट्टा तुटला तं त्याले सापडला पाह्यजे." तिने उरलेली भाजी भाकरीवर घेतली. मग म्हणाली, "एक हाये पण. त्या वाक्यात कमी राह्यली तुही. एक पद कमी केलं जाईल, असं लिहिलं. कोण करन ते लिहिलंच नाही. आम्हाले कॉलेजात बाई सांगत, ज्या वाक्यात करणारा सापडत नाही ते वाक्य अर्धं समजायचं. मी म्हटलं, पोरीचं राहून गेलं असन, भरन एखाद्या दिवशी. रोज चहा सांगत होती, अन् रोज वाट पाहून राह्यली होती."

मला रडायचं होतं, पण तिच्यासमोर रडण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

"मी केलं, ताई," मी म्हटलं. "ते मी लिहिलं होतं. न वाचता."

तिने माझ्याकडे बघितलं. चष्मा वर सरकवून.

"हं," ती म्हणाली. "आता झालं वाक्य पुरं."

मग तिने डबा झाकला, हात धुतले आणि चाव्या घेऊन उठली. बाहेर मिस्त्री जाळीवर टिचक्या मारत होते, आणि महिना संपायला अजून अकरा दिवस होते.